पंचवीस प्रती की एकच चित्र? मुद्राचित्रकारापुढील पेच

बंगळुरूच्या कुमार कृपा मार्गावर जानेवारी महिन्यातील एका रविवारी ‘चित्र संते’ भरते. संते म्हणजे कन्नड भाषेत बाजार. १९६० साली स्थापन झालेल्या कर्नाटक चित्रकला परिषदेच्या या उपक्रमात रस्त्यावरची वाहतूक बंद असते आणि चित्रकार आपली चित्रे थेट रसिकांना विकतात. येथे तैलचित्राची किंवा जलरंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. मुद्राचित्राची मात्र हमखास द्यावी लागते. चित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला ‘३/२५’ असा आकडा पाहून ही नक्कल तर नव्हे, अशी शंका नवख्या ग्राहकाला येते.

ती नक्कल नसते. एचिंगचे उदाहरण घेतले तर जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा लेप चढवतात, त्यावर सुईने रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. जिथे लेप खरवडला गेला असेल तिथे आम्ल धातू खाते. त्या खाचांत शाई भरून पृष्ठभाग जाळीदार कापडाने पुसतात, वर ओलसर कागद ठेवतात आणि तो जाड लोकरी कापडासह दोन रुळांमधून दाबून काढतात. प्रत्येक छापासाठी शाई नव्याने भरावी व पुसावी लागते. पंचवीस छाप काढायचे ठरले की तेवढेच काढायचे आणि पत्र्यावर आडवी रेघ मारून तो बाद करायचा, हा या व्यवसायाचा संकेत. ‘३/२५’ म्हणजे पंचवीसपैकी तिसरा. चित्र मूळच असते, फक्त ते पंचवीस ठिकाणी असते आणि म्हणून एकेका प्रतीची किंमत मध्यम उत्पन्नाच्या घराला परवडू शकते.

अडचण येते ती कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर. रंग आणि कॅनव्हास भाड्याच्या खोलीतही मावतात. एचिंगचे यंत्र वजनदार व महाग असते, आम्लासाठी खेळती हवा लागते, सांडपाण्याची सोय लागते आणि बंगळुरूसारख्या शहरात अशी जागा भाड्याने घेणे तरुण चित्रकाराच्या आवाक्याबाहेरचे असते. ललित कला अकादमीच्या चेन्नई येथील प्रादेशिक केंद्रात कलावंतांना सामाईक कार्यशाळा उपलब्ध आहे, परंतु त्यासाठी शहर सोडून जावे लागते. यंत्राचा विरह हा शब्द कोणाला नाटकी वाटेल, पण मुद्राचित्रणाचे शिक्षण घेऊन पुढे केवळ रंगचित्रे करणाऱ्यांची संख्या पाहता तो फारसा चुकीचा नाही.

संमिश्र माध्यमाकडे वळण्यामागे सौंदर्यदृष्टी असते तशी ही निकडही असते. कोलाग्राफमध्ये पुठ्ठ्यावर सुतळी, कापड, वाळलेली पाने चिकटवून वर लाखेचा किंवा वार्निशाचा थर देतात व त्याचाच ठसा करतात. आम्लाची गरजच उरत नाही. लिनोचा किंवा लाकडाचा ठसा तर चमच्याच्या पाठीने घासूनही कागदावर उमटवता येतो. अशा छापावर मग कोणी जलरंग चढवतो, कोणी जुन्या वहीचे पान चिकटवतो, कोणी सुई-दोऱ्याने टाके घालतो.

येथेच खरा पेच निर्माण होतो. हाताचे काम चढले की कोणतेही दोन छाप सारखे राहत नाहीत. ठसा एकच असून प्रती मुद्दाम वेगळ्या केल्या असतील तर आकड्यासोबत ‘ई. व्ही.’ ही अक्षरे लिहिण्याची पद्धत आहे. ती ‘बदलती आवृत्ती’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आली. छाप एकच असेल तर ‘१/१’. अशा एकमेव चित्राला अधिक किंमत मागता येते, पण स्वस्त प्रतींमुळे जो ग्राहक जवळ आला होता तो दुरावतो. सीमाशुल्काच्या सूचीतही रंगचित्रे व कोलाज ९७०१ या शीर्षकाखाली, तर कलावंताने स्वहस्ते केलेल्या ठशावरून काढलेली मुद्राचित्रे ९७०२ खाली येतात. अर्धे छापलेले आणि अर्धे रंगवलेले चित्र नेमके कोठे बसवायचे, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

शिवाय टिकाऊपणाचे प्रश्न आहेत. साध्या कागदातील आम्लामुळे तो काही वर्षांत पिवळा पडतो, स्वस्त गोंद पावसाळ्यात सुटतो आणि वेगवेगळ्या जाडीचे कागद दमट हवेत कमी-अधिक फुगत असल्याने चित्राला सुरकुत्या पडतात. आम्लविरहित कागद आणि खळ यांवरील खर्च टाळणाऱ्याला त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

छापील चित्रावर हात चालवण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत घाटकोपर येथे शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेल्या तेथील देवदेवता देशभर पोहोचल्या. दक्षिणेकडील अनेक घरांत लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या चित्रांवर खऱ्या कापडाची साडी, जरीचे काठ, टिकल्या आणि मणी चढवले गेले. हजारोंनी छापलेले चित्र त्या एका घराचे झाले. आजचे समीक्षक ज्याला संमिश्र माध्यम म्हणतात ते त्या गृहिणींनी कोणत्याही सिद्धांताविना केले होते.

बंगळुरूचे चित्रकार रविकुमार काशी यांची वाटचाल या संदर्भात पाहण्यासारखी आहे. बंगळुरूत चित्रकलेची पदवी घेतल्यानंतर त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुद्राचित्रणाचे उच्च शिक्षण घेतले; ते १९९० साली पूर्ण झाले. पुढे त्यांचे लक्ष ठशावरून कागदाकडेच वळले. २००१ साली त्यांनी ग्लासगो येथे हातकागद बनवण्याचे शिक्षण घेतले आणि २००९ साली दक्षिण कोरियात हांजी हा पारंपरिक कागद बनवण्याची पद्धत शिकून घेतली. हांजी तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून होतो. साल उकळून, कुटून तिचे लांब तंतू पाण्यात सोडतात आणि चाळणीवर उचलतात. हे तंतू लांब असल्यामुळेच पातळ कागदही चिवट होतो. काशी यांच्या कामात लगदा हा केवळ कागदाचा कच्चा माल राहत नाही. रंगवलेला लगदा ओला असतानाच ते त्यातून आकार व अक्षरांसारख्या रेषा घडवतात, कलाकृती म्हणून हाताने पुस्तके बांधतात. छापायचा पृष्ठभाग आणि त्यावर उमटलेली खूण यांतील सीमारेषा त्यामुळे पुसट होते. या कामाला मोठे यंत्र लागत नाही. कापसाच्या चिंध्या किंवा साल, लगदा करण्याचे साधन, पाण्याचे पिंप आणि वाळवण्यासाठी थोडे ऊन एवढी सामग्री पुरते.