पंख्याच्या हुकाला व्यायामाच्या रिंगा नकोत
हूक वर्षानुवर्षे पंखा पेलतो, म्हणून माणूसही पेलेल, हा तर्क घातक आहे. पंखा जागच्या जागी फिरतो. माणूस झोके घेतो. ७० किलोंच्या माणसाने ६० अंशांवरून झोका सोडला, तर तळाशी दोरांवर १४० किलोंचा ताण येतो, तोही पुन्हापुन्हा. वाड्यांत झोपाळे टांगलेलेच असत की, असं कुणी म्हणेल. खरंय, पण त्या कड्या जाड तुळयांत पक्क्या बसवलेल्या असत. स्लॅबमध्ये नंतर ठोकलेल्या अँकर बोल्टची पकड प्लास्टरमध्ये नव्हे, आतल्या काँक्रीटमध्येच हवी, आणि जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवावी. फॉल्स सीलिंगचा तर विचारही नको. हातोडीने हलकंसं ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा गंजाचे तांबूस डाग दिसले, तर तिथे भोक न पाडता जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्यावा.