कासवाची कात

वैशाख महिना आहे. गावच्या विहिरीचा गाळ काढायचे काम चालू आहे. घमेल्यामागून घमेले चिखल वर येतो. एका घमेल्यात काहीतरी हलते. बघावे तर कासव!

पोरे धावत येतात. कोणी त्याच्यावर बादलीभर पाणी ओततो. चिखल धुतला जातो. तेव्हा दिसते, की मानेवरची नि पायांवरची कातडी पांढुरकी होऊन सुटली आहे. तिचे पातळ तुकडे लोंबत आहेत.

"अगे माय, याले तं रोग झाला!" एक बाई म्हणते.

"वढून काढा ते. वरून तेल-हळद लावा." दुसरा सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यात असा प्रसंग कोणत्याही गावी येऊ शकतो. म्हणून हात लावण्याआधी आपण जरा समजून घेऊ.

साप कात टाकतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याची कात बहुधा अखंड निघते. कासवही कात टाकते, पण तुकड्यातुकड्यांनी. अंग वाढते, वरची कातडी झिजते. खाली नवी कातडी तयार होते आणि जुनी गळून पडते. आपल्या डोक्यातला कोंडा काय असतो? तीही मेलेली कातडीच. मग कासवाचे नवल कशाला?

ही कात कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते. ती आपोआप सुटते. ओढली तर खालची कोवळी कातडी फाटते. तिथे जखम होते. घाण पाण्यात जखम चिघळते. म्हणजे नसलेला रोग आपणच लावतो!

मग खरा रोग कसा ओळखावा? कातडी लाल झाली, रक्त किंवा पू आला, घाण वास आला, कापसासारखी बुरशी दिसली, पाठीला मऊ खड्डा पडला, डोळे सुजले, तर कासव आजारी आहे असे समजावे. तेल, हळद, शेंदूर लावू नये. जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे.

कासवाची पाठ म्हणजे वरून घातलेली ढाल नव्हे. ती हाडांची आहे. पाठीचा कणा नि बरगड्या तिलाच जोडलेल्या असतात. काही कासवांच्या पाठीवर नखासारखे कठीण खवले असतात, तर काहींच्या पाठीवर मऊ कातडे असते. पाठीला भोक पाडून दोरी बांधली, तर कासवाला वेदना होतात आणि रक्तही येते.

कासव दगडावर ऊन खात बसते, ते आळसाने नव्हे. उन्हाने त्याचे अंग सुकते. त्यामुळे बुरशी धरत नाही. उन्हामुळेच त्याची हाडे मजबूत होतात. खोल, बांधीव विहिरीत बसायला दगड नसतो, ऊनही पोचत नाही. मग त्याची कातडी निरोगी राहणार कशी?

"पण कासवानं विहिरीचं पाणी साफ राह्यते ना?" असे कोणी विचारील. कासव किडे, मेलेले मासे खाते, हे खरे. पण त्याची विष्ठाही त्याच पाण्यात पडते. तेव्हा पिण्याच्या पाण्यात औषध टाकलेच पाहिजे. कासवाच्या अंगावर हगवणीचे जंतू असू शकतात. त्याला हात लागला तर साबणाने हात धुवावेत. पोरांचे तर नक्कीच धुवावेत.

आणखी एक गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या नद्या-रानांतली कासवे धरणे, विकणे, घरी बाळगणे गुन्हा आहे. "वीस नखांचे कासव धन देते" असे सांगणारे भोंदू फिरतात. त्यांच्या नादी लागू नये. त्यात पैसाही जातो आणि माणूस तुरुंगातही जातो.

मग घमेल्यातल्या त्या कासवाचे काय करावे? त्याला सावलीत, पसरट टोपल्यात ठेवावे. पाणी थोडेच घालावे, म्हणजे त्याचे डोके वर राहील. पोरांना दूर ठेवावे. वनरक्षकाला बोलवावे. वर्धा असो की पैनगंगा, त्याला कुठे सोडायचे ते वनखात्याची माणसे ठरवतील.

देवळात शिरताना आपण दगडाच्या कासवाला हात लावून नमस्कार करतो. जिवंत कासवाला मात्र हात न लावणेच बरे. त्याची कात तेच टाकील.