पैसा कुणाचा, मालिका कुणाची?

(मालाड पश्चिम इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज ज्या विषयावर बोलायचं आहे त्याची सुरुवात आपल्या स्टेशनपासून करू या. मालाड पश्चिमेला एक बॉम्बे टॉकीज कंपाउंड आहे. तिथे आज लहान कारखान्यांचे गाळे आहेत, टेम्पो उभे असतात. तुमच्यापैकी बरेच जण रोज तिथून जात असतील. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी तिथे स्टुडिओ उभा केला. त्या काळात सिनेमाला पैसा सावकाराकडून यायचा, एका चित्रपटापुरता. यांनी मर्यादित कंपनी काढली, भागभांडवल उभं केलं, जर्मनीहून तंत्रज्ञ आणले आणि नट-लेखकांपासून लॅबमधल्या मुलांपर्यंत सगळ्यांना महिन्याचा पगार दिला. त्या लॅबमधलाच एक मुलगा पुढे अशोककुमार झाला. १९४३ चा 'किस्मत' इथलाच. आणि १९५४ साली सगळं बंद.

हे सांगितलं ते जुन्या आठवणी काढायला नव्हे. माझा प्रश्न एकच आहे. बाहेरून पैसा येतो, माणसं कामाला लागतात, उत्तम काहीतरी तयार होतं, मग तो पैसा निघून जातो. गेल्यावर मागे काय उरतं आणि ते कुणाच्या नावावर असतं? नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, यूट्यूब यांच्याकडे मी याच नजरेने बघतो.

आता केबल. मुंबईत १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांत गच्च्यांवरून वायरी फिरल्या. १९९२ ला झी आलं, १९९९ ला अल्फा मराठी, पुढच्याच वर्षी ई टीव्ही मराठी. तेव्हापासून मालिकांचा धंदा एका ठरावीक पद्धतीने चालतो. वाहिनी निर्मात्याला एका एपिसोडचे ठरलेले पैसे देते. निर्माता त्यात मढ-मार्व्याचा बंगला भाड्याने घेतो, युनिट लावतो, रोजचा एपिसोड काढतो. मालिकेचे हक्क वाहिनीकडे. कलाकार-कामगारांचे पैसे बहुधा नव्वद दिवसांनी. टीआरपी पडला की मालिका बंद, कधी कधी दोन आठवड्यांच्या सूचनेवर. मी यात वीसेक वर्षं लिहिलं आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. (हशा)

या पार्श्वभूमीवर २०११ चा ऑक्टोबर महिना बघा. यूट्यूब म्हणजे तेव्हा मांजरांचे आणि लग्नातल्या पडापडीचे व्हिडिओ. त्यांनी जाहीर केलं की आम्ही सुमारे शंभर नव्या चॅनेलना मिळून १० कोटी डॉलर देणार. मॅडोना, जे-झी, बास्केटबॉलवाला शकील ओनील, रॉयटर्स, वॉल स्ट्रीट जर्नल, सगळे त्या यादीत. हेतू उघड होता. केबलवर होणाऱ्या जाहिराती आपल्याकडे ओढायच्या, आणि मोठा जाहिरातदार मांजरांच्या शेजारी आपला साबण ठेवायला तयार नसतो.

पण तो पैसा कसा होता ते नीट समजून घ्या. ती उचल होती. जाहिरातींतून जे उत्पन्न येईल त्यातून यूट्यूब आधी आपली रक्कम वळती करून घेणार, मग उरलेल्यात वाटणी. काही काळ कार्यक्रम फक्त यूट्यूबवर दाखवायचा, पण मालकी करणाऱ्याची. उसाच्या मुकादमाची उचल आपल्याला माहीत आहे. इथे उचल तशीच होती, पण फड तुमचा होता.

झालं काय? दोन वर्षांत योजना गुंडाळली. पुष्कळशी नामांकितांची चॅनेलं कुणाच्या लक्षातही राहिली नाहीत. कारण उघड आहे. मॅडोनाचा चाहता मॅडोनाचं गाणं ऐकायला येतो, तिने निवडलेले नाचाचे कार्यक्रम दर मंगळवारी बघायला येत नाही. पण त्याच पैशातून हँक आणि जॉन ग्रीन या दोन भावांनी 'क्रॅश कोर्स' नावाचे इतिहास-विज्ञानाचे धडे सुरू केले होते. यूट्यूबची मदत आटली तेव्हा त्यांनी २०१३ मध्ये प्रेक्षकांकडूनच वर्गणी घ्यायची सोय उभी केली. ते चॅनेल अजून चालू आहे. चालू राहू शकलं, कारण ते त्यांचं होतं.

यूट्यूबने नंतर पुन्हा एक डाव मांडला, पैसे भरून बघायच्या मालिकांचा. २०१८ मध्ये 'कोब्रा काय' आली, कराटे किडच्या गोष्टीचा पुढचा भाग. चांगली चालली. मग यूट्यूबचा विचार बदलला आणि २०२२ च्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या मालिकांचं दुकान जवळजवळ बंदच केलं. पण 'कोब्रा काय' त्याआधीच, २०२० मध्ये, नेटफ्लिक्सवर गेली आणि जगभर गाजली. जाता आलं, कारण ती सोनीने बनवलेली होती आणि निर्माता म्हणून सोनी तिला दुसरीकडे नेऊ शकत होती.

आता नेटफ्लिक्सचं उलटं गणित. 'हाउस ऑफ कार्ड्स' २०१३ ला आली. दोन सीझन, सव्वीस भाग, आणि तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे खर्च साधारण १० कोटी डॉलर. म्हणजे यूट्यूबने जो पैसा शंभर जणांत वाटला, तेवढा यांनी एका मालिकेत ओतला. आणि नंतर जो रिवाज पडला तो असा: निर्मितीचा सगळा खर्च अधिक वर ठरावीक टक्के नफा देऊन टाकायचा, आणि सगळे हक्क, सगळ्या देशांत, कायमचे, आपल्याकडे ठेवायचे. निर्मात्याला तोटा नाही. पण मालिका जगभर गाजली तरी वरचा एक रुपयाही नाही.

मला गंमत याची वाटते की याला लोक क्रांती म्हणतात. मालकीच्या बाबतीत ही आपली रोजची मालिकाच आहे. वाहिनीही पैसे देऊन हक्क ठेवते, ॲपही तेच करतं. फरक दोन. पैसा जास्त, त्यामुळे काम चांगलं होतं, हे मान्य करायलाच हवं. 'सेक्रेड गेम्स' कुठलीही वाहिनी साडेआठला लावणार नव्हती. दुसरा फरक वाईट आहे. टीआरपीचा आकडा, कितीही शिव्या द्या, दर गुरुवारी सगळ्यांना दिसतो. ॲपवर तुमची मालिका किती लोकांनी पाहिली हे ॲपला कळतं, तुम्हाला ते सांगतील तेवढंच. दुसऱ्या सीझनला पैसे वाढवून मागायला हातात काहीच नसतं.

भारतात हे नेमकं कसं आलं? आधी ॲपचा पैसा नव्हताच. २०१४ मध्ये टीव्हीएफने 'परमनंट रूममेट्स' यूट्यूबवर आणली, तिचा खर्च एका घरं शोधून देणाऱ्या वेबसाइटने उचलला होता. म्हणजे प्रायोजक, जसे पूर्वी दूरदर्शनच्या मालिकांना असायचे. मग २०१६. जानेवारीत नेटफ्लिक्स, सप्टेंबरमध्ये जिओ, डिसेंबरमध्ये ॲमेझॉन प्राइम. यातलं मधलं नाव सगळ्यात महत्त्वाचं.

अमेरिकेत लोकांनी केबल तोडली, कारण तिथे केबल महाग होती. आपल्याकडे २०१९ मध्ये ट्रायने नवे दर लावले तेव्हा शंभर चॅनेलचा मूळ आकार होता १३० रुपये अधिक कर. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने फक्त मोबाइलवर बघायची खास भारतासाठी योजना काढली, ती १९९ रुपयांची. पैशाच्या हिशोबात केबल हरण्याचं कारणच नव्हतं. तरी माणसं ॲपकडे गेली. का? मालवणीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही एक आणि माणसं सहा. संध्याकाळी सात ते दहा रिमोट आजीकडे किंवा आईकडे. अशा घरात बावीस वर्षांच्या मुलासाठी टीव्ही नसतोच. जिओने त्याच्या हातात दुसरा टीव्ही दिला. आपल्याकडे ॲपची स्पर्धा केबलच्या बिलाशी नव्हती, घरातल्या रिमोटशी होती. म्हणूनच पहिल्या मालिका सगळ्या एकट्याने, कानात इअरफोन घालून बघायच्या होत्या.

मराठीत काय झालं, हा खरा विषय. भाडिपा २०१६ मध्ये यूट्यूबवर उभी राहिली, 'कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण' पासून. स्वतःचं चॅनेल, स्वतःचा प्रेक्षक. मग २०१९ मध्ये एमएक्स प्लेयर आलं. हे ॲप फुकट, जाहिरातींवर चालणारं, म्हणजे स्वभावाने टीव्हीच. त्यांनी मराठीत पैसा घातला. प्रिया बापट-उमेश कामतची 'आणि काय हवं', भाडिपाने केलेली 'पांडू', आणि २०२० मध्ये सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, सतीश राजवाडे दिग्दर्शित 'समांतर'. झी फाइव्हने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर 'हुतात्मा' केली. २०२१ ला प्लॅनेट मराठी हे फक्त मराठीसाठीचं ॲप आलं, पुढच्या वर्षी त्यावर 'रानबाजार' गाजली. तीन-चार वर्षं अशी होती की मालाड-गोरेगावच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कुणीतरी कुणाला वेब सिरीजची गोष्ट ऐकवत असायचं.

मग हात आखडला. २०२४ मध्ये एमएक्स प्लेयर ॲमेझॉनकडे गेलं. हिंदी मालिकेवर घातलेला पैसा सगळ्या देशातून येतो आणि तीच मालिका डब करून मराठीत लावता येते. ॲपच्या बाजूने बघितलं तर हिशोब बरोबर आहे. अशा हिशोबात मराठी ही मालिका लिहायची भाषा राहत नाही, डबिंगची भाषा होते. मला याची काळजी वाटते, आणि ती भाषाभिमानापेक्षा पोटाची आहे. डबिंगला लेखक एक लागतो. मालिकेला लेखक, कला दिग्दर्शक, साउंडवाला, स्पॉटदादा असे शंभर लागतात.

माझाच अनुभव सांगतो, ॲपचं नाव घेत नाही. मी आठ भागांची एक मालिका लिहिली होती. ती एका ॲपवर आली, बऱ्यापैकी चालली. दीड वर्षाने मेव्हण्याने फोन केला, "अरे, तुझी मालिका सापडत नाहीये." काढून टाकली होती. कुणी कळवलं नाही, कळवायचं बंधनही नव्हतं. आज माझ्याकडे तिची एक प्रतसुद्धा नाही. बॉम्बे टॉकीज बंद पडून सत्तर वर्षं झाली, पण 'किस्मत' बघायला मिळतो. माझी मालिका मला माझ्या मुलीला दाखवता येत नाही.

(प्रश्नोत्तरांत एका तरुणाने विचारलं: सर, उद्या एखाद्या ॲपने मला मालिका करायला सांगितली तर सही करू की नको?)

करा. भाडं कुणाला चुकलंय? पण करार वाचून करा. आपला कॉपीराइट कायदा सांगतो की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्रपट बनवला, तर वेगळं ठरलेलं नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा. मालिकाही त्यातच येते. म्हणजे 'वेगळं' काय ते तुम्हालाच लिहून घ्यावं लागेल. हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर फक्त भारत. म्हणून त्यांच्या करारात 'कायमचे' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द असतात. विश्वात म्हणजे मंगळावरसुद्धा. (हशा) घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो अशीही तरतूद आहे, आणि तीही बहुतेक करारांत एका ओळीने बाद केलेली असते. ती ओळ शोधा. २०१२ च्या दुरुस्तीने एक मात्र असं दिलंय जे तुम्ही सही करूनही गमावू शकत नाही. लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क आहे आणि तो सोडून देता येत नाही. कागदावर हक्क आहे, वसुली अजून अवघड आहे.

सगळं मिळणार नाही. पहिल्या वेळी तर नाहीच. एक गोष्ट मागा, तिला त्यांना काही खर्च नाही: मालिका काढून टाकायची असेल तर तीस दिवस आधी कळवायचं, आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवू द्यायची. हार्डडिस्क काही हजारांत येते.