हाडापर्यंत पोचणारं ॲसिड

दूध डेअरीची टाकी असो, साखर कारखान्यातली पाइपलाइन असो की औषध कंपनीतला रिॲक्टर, स्टेनलेस स्टीलचं काम वेल्डिंगपाशी संपत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना निळसर-तपकिरी पट्टा उरतो. तिथे पत्र्याला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर बिघडलेला असतो, आणि तो तसाच सोडला तर पुढे त्याच रेषेवर गंज धरतो. म्हणून फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एखादा पोरगा डब्यातली पांढरी पेस्ट ब्रशने त्या पट्ट्यावर लावत जातो, थोडा वेळ थांबतो आणि पाण्याने धुऊन काढतो. पट्टा गेलेला असतो. ही पिकलिंग पेस्ट. तिच्यात नायट्रिक ॲसिड असतं हे तिथल्या बहुतेकांना माहीत असतं. दुसरं ॲसिड मोजक्या टक्क्यांतच असतं, पण ते जास्त घातक. ते म्हणजे हायड्रोफ्लुओरिक ॲसिड, कारखान्यातल्या बोलीत ‘एचएफ’.

हे ॲसिड आपल्या आजूबाजूला बरंच आहे. काचेवर नक्षी कोरायला, सिलिकॉनच्या चकतीवरचा ऑक्साइडचा थर काढायला, फ्रिज-एसीतले वायू बनवायला, पेट्रोल शुद्धीकरणात, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत खडक विरघळवायला ते लागतं. काही गंज काढणाऱ्या आणि चाकं चकाकवणाऱ्या द्रवांतही ते किंवा त्याचे क्षार असतात. त्याला तितकाच चांगला पर्याय पुष्कळ ठिकाणी नाही. म्हणून ‘बंदी घाला’ म्हणून भागत नाही. ते हाताळायचं कसं, हेच शिकावं लागतं.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात एचएफची नोंद ‘सौम्य आम्ल’ अशी असते. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे रेणू पाण्यात जवळजवळ सगळे फुटतात, एचएफचे थोडेच फुटतात, एवढाच त्या सौम्यपणाचा अर्थ. आणि खरा धोका नेमका त्यातच आहे. सल्फ्युरिक ॲसिड त्वचेवर पडलं की तिथल्या तिथे जाळायला लागतं आणि माणूस क्षणात नळाकडे धावतो. एचएफचा न फुटलेला रेणू लहान असतो, त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो त्वचेच्या स्निग्ध थरांतून सरळ आत झिरपतो. आत, मांसात गेल्यावर तो फुटतो आणि फ्लोराइड मोकळं होतं. फ्लोराइडला कॅल्शियमची विलक्षण ओढ. पेशींतलं, रक्तातलं आणि शेवटी हाडातलं कॅल्शियम ते पकडतं, त्याचं न विरघळणारं कॅल्शियम फ्लोराइड होतं. मॅग्नेशियमचीही तीच गत.

हे कॅल्शियम फ्लोराइड म्हणजे फ्लोरस्पार नावाचं खनिज. गुजरातेत आंबाडुंगरला त्याचे साठे आहेत. हाच दगड सल्फ्युरिक ॲसिडबरोबर तापवला की एचएफ मिळतं. कारखान्यात दगडातून सोडवून घेतलेलं फ्लोराइड माणसाच्या शरीरात शिरलं की पुन्हा तोच दगड बनवू लागतं, आणि त्यासाठी लागणारं कॅल्शियम त्या माणसाचं असतं.

रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं की काय होतं, हे आपल्याकडच्या दूध उत्पादकाला सांगावं लागत नाही. व्यायलेली गाय दुग्धज्वराने खाली बसते, मान टाकते, आणि डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं की काही वेळात उठून उभी राहते. माणसाच्या बाबतीत घाव हृदयावर बसतो. ठोक्यांची लय कॅल्शियम आणि पोटॅशियमच्या तोलावर चालते. तो तोल गेला की लय बिघडते आणि हृदय थांबू शकतं. त्वचेवरची जखम त्या वेळी फारशी भयानक दिसतही नसते.

तीव्रता 50 टक्क्यांच्या वर असेल तर दुखणं लगेच सुरू होतं. 20 ते 50 टक्क्यांच्या द्रावणाने भाजलेलं कळायला 1 ते 8 तास लागू शकतात. 20 टक्क्यांच्या खाली तर 24 तासांपर्यंतही काही जाणवेलच असं नाही. पिकलिंग पेस्ट या शेवटच्या गटातली. म्हणजे दिवसपाळीत बोटाला लागलेली पेस्ट रात्री घरी, झोपेत दुखू लागते. नखाखाली शिरली असेल तर ठणका असह्य होतो. तोवर ‘कंपनीत काय लागलं होतं’ हे विसरलेलं असतं, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोट थोडं लाल दिसतं, एवढंच.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात 1994 साली घडलेली घटना जगभरच्या सुरक्षा प्रशिक्षणात शिकवली जाते. 37 वर्षांचा एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ खडकाचे नमुने विरघळवण्याचं काम एकटाच करत होता. बसल्या बसल्या 70 टक्के एचएफ त्याच्या मांड्यांवर सांडलं. जास्तीत जास्त पाव लिटरच्या आतच. हातात रबरी मोजे होते, बाह्यांवर आवरण होतं, पण ॲप्रन नव्हता. त्याने होजपाइपने पाणी मारून घेतलं, मग आवारातल्या पोहण्याच्या तलावात उडी घेतली. शरीराचा साधारण 9 टक्के भाग भाजला होता. तेवढंच गरम पाण्याने भाजलं असतं तर प्रौढ, धडधाकट माणूस सहसा वाचतो. इथे आठवड्याभरात पाय कापावा लागला आणि पंधराव्या दिवशी एकेक अवयव निकामी होऊन तो गेला. प्रयोगशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल ठेवलेलं नव्हतं.

ते जेलच या विषयाचं मर्म आहे. त्याच्यामागचा विचार सरळ आहे: फ्लोराइडला कॅल्शियम हवंच आहे, तर शरीरातलं नेण्याआधी बाहेरून द्या. 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट असलेलं हे जेल महाग किंवा दुर्मिळ नाही. तयार ट्यूब मिळाली नाही तर 10 टक्क्यांच्या 10 मिलीच्या इंजेक्शनची ॲम्प्यूल कुठल्याही रुग्णालयात असते. ती 30 मिली पाण्यात मिसळणाऱ्या वंगण जेलमध्ये कालवली की तेच औषध तयार होतं. औद्योगिक वसाहतीजवळच्या प्रत्येक दवाखान्याने एवढं लिहून भिंतीवर लावावं.

एचएफ लागलं तर सगळ्यात आधी भरपूर वाहतं पाणी. भिजलेले कपडे, घड्याळ, अंगठी पाण्याखालीच काढायचं. जेल हाताशी असेल तर 5 मिनिटं धुऊन लगेच जेल, नसेल तर मदत येईपर्यंत निदान 15 मिनिटं धुणं. जेल चोळणाऱ्यानेही मोजे घालायचे, नाहीतर दुसरा रुग्ण तयार होतो. चोळत राहायचं, पुन्हा लावायचं. दुखणं थांबल्यावरही आणखी 15 मिनिटं. मग दुखत नसलं तरी रुग्णालयात जायचं, जाताना डब्यावरचं लेबल न्यायचं आणि दारातच ‘एचएफ’ हा शब्द सांगायचा. डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, जेल नाही. हळद, टूथपेस्ट, खोबरेल तेल, भाजल्यावरचं मलम यांतलं काहीही लावू नये. यांतल्या कशानेही आत शिरलेलं फ्लोराइड थांबत नाही.

डॉक्टरांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. बोट बधिर करणारं इंजेक्शन देण्याचा मोह होतो, कारण रुग्ण कळवळत असतो. पण इथे दुखणं हेच मोजमाप आहे. ते कमी झालं तर कॅल्शियम पोचलं, नाही झालं तर आणखी हवं. ते मोजमाप आपल्याच हाताने बंद केलं तर उपचार आंधळा होतो.

साठवणुकीच्या चुकाही याच अज्ञानातून होतात. एचएफ काच खातं, म्हणून काचेच्या बाटलीत ते ठेवायचं नसतं. रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील 1771 साली फ्लोरस्पारवर सल्फ्युरिक ॲसिड तापवत होता, तेव्हा त्याचं काचेचं पात्रच झिजत गेलं. पुढे शंभर वर्षं एचएफमधून फ्लुओरिन हे मूलद्रव्य वेगळं करण्याच्या खटपटीत अनेक संशोधक पोळले, बेल्जियमचा पॉलिन लुएट आणि फ्रान्सचा जेरोम निकलेस जिवानिशी गेले. 1886 साली आंरी म्वासाँला ते साधलं. आज पॉलिथिलीनच्या जाड बाटल्या मिळतात, त्यांतच ते ठेवावं.

सांडलं तर वाळू टाकू नये. आपल्याकडे कारखान्यात लाल बादल्यांतून वाळू टांगलेली असते आणि हात आपोआप तिकडेच जातो. पण वाळू म्हणजे सिलिका, म्हणजे काचेचीच सख्खी बहीण. तिच्याशी संयोग होऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा विषारी वायू निघतो. चुनखडीची पूड टाकावी. आणि दवाखान्यात वापरतात ते पातळ मोजे यासाठी अजिबात पुरेसे नाहीत. निओप्रिन किंवा ब्युटाइल रबराचे जाड, लांब मोजे, ॲप्रन आणि चेहऱ्यावर संपूर्ण ढाल लागते. कामावर एकटा माणूस कधीही नको.

पाण्याचा अंश नसलेलं एचएफ 19.5 अंश सेल्सियसलाच उकळतं. आपल्याकडच्या हवेत ते टाकीबाहेर आलं की वायूच. दक्षिण कोरियात गुमी इथे 27 सप्टेंबर 2012 रोजी टँकर रिकामा करताना साधारण 8 टन एचएफ सुटलं. पाच कामगार मेले, हजारो लोकांवर उपचार करावे लागले, भोवतालची उभी पिकं करपली.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, आपल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक रसायनांची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. पण ती माहिती इंग्रजीतल्या सोळा कलमी कागदावर, ऑफिसच्या फायलीत राहिली तर ब्रश धरणाऱ्या पोराला तिचा काय उपयोग? त्यात बहुतेक शेड्समध्ये हे काम कंत्राटी, नव्या, कमी शिकलेल्या माणसाकडे येतं. त्याने दुखेपर्यंत वाट पाहू नये, हे त्याला मराठीत किंवा हिंदीत कोणीतरी समोर बसून सांगितलंच पाहिजे. मालकाने आणि सुपरवायझरने ही जबाबदारी टाळणं मला गुन्ह्याइतकं गंभीर वाटतं.

तुमच्या शेडमध्ये पिकलिंग पेस्ट येत असेल, तर आज डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा फ्लोराइड असा शब्द दिसला तर प्रथमोपचाराच्या पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आहे का आणि त्याची मुदत उलटली तर नाही ना, ते बघा. नसेल तर ते आणेपर्यंत डबा उघडू देऊ नका.