घाट चढून आलेली कोळंबी

रविवार, सकाळचे सात. जुन्या नाशकातल्या मासळीबाजाराच्या तोंडाशी टेम्पो लागलाय. रात्री मुंबईत भरलेला, कसारा घाट चढून आलेला. थर्माकोलची खोकी धपाधप उतरतात. झाकण निघतं. बर्फाचा चुरा, कोळंबी, पुन्हा चुरा. किलोला किलो बर्फ, हा धंद्यातला जुना हिशोब. वाट १७०-एक किलोमीटरची आहे.

एका खोक्यात नुसतं पाणी उरलंय. तिथल्या कोळंबीची डोकी काळवंडलेली. हा डाग जंतूंचा नाही. कोळंबीच्या अंगातलीच विकरं हवा लागली की तो उठवतात, गारव्यात सावकाश, उबेत झपाट्यानं. गिऱ्हाईक ते खोकं बघून पुढे सरकतं. बरोबर करतं.

पुढे खेकडे, नांग्या बांधून ओल्या गोणपाटात. हे जिवंतच घ्यायचे. मेलेल्या खेकड्याचे पाचकरस त्याचंच मांस पाणचट करतात. शेजारी तिसऱ्यांचे वाटे. मावशी उघड्या शिंपल्यावर टिचकी मारते. "मिटली तर घ्या ताई, नाही मिटली तर टाकून द्या."

साडेनऊ. पत्रे तापलेत. पाट्यांखालून पाण्याचे ओघळ वाहतात. रांग तशीच, कोळंबी सोलून घ्यायला थांबलेली. मावशीची बोटं डोकं मोडतात, पाठीतला काळा दोरा ओढतात, पुन्हा बर्फात बुडतात.

कोपऱ्यावरच्या दुकानात फ्रीजर घरघरतोय, काट्यावर उणे १८. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा भिस्त याच्यावरच. कारखान्यात झटक्यात गोठवलेला माल टिकतो. घरच्या फ्रीजरमध्ये कोळंबी हळूहळू गोठते. बर्फाचे मोठे खडे मांस फाडतात आणि वितळताना चव पाण्याबरोबर निघून जाते.

अकरा. खानावळीत लसूण तडतडतोय. कढईत पडलेली राखाडी कोळंबी बघता बघता केशरी होते, अंग आकसते. तीन मिनिटांत ताई कढई उतरवते. आणखी ठेवली तर पाणी सुटून ती वातड होणार. एवढ्या लांबून बर्फात जपून आणलेला माल चुलीवर असा वाया गेलेला मला बघवत नाही.

"ताई, एक पार्सल. घरी गरम करून खाऊ."

ती दोन पिशव्या भरते. "हा रस्सा, ही कोळंबी. आधी रस्सा खळखळून उकळा, मग ही टाका, चांगली गरम झाली की उतरवा. आणि लगेच जेवायला बसा, संध्याकाळपर्यंत ठेवू नका."