ईदच्या फोटोतली छत्री काय सांगते? जुने फोटो आणि कॅसेट वेळीच वाचवा

मालगुंड म्हटलं की कवी केशवसुत आठवतात. त्यांच्या या जन्मगावी १९९४ साली स्मारक उभं राहिलं. पण एवढ्या मोठ्या कवीच्या जन्मतारखेवरही एकमत नाही. कुणी १५ मार्च १८६६ सांगतं, कुणी ७ ऑक्टोबर १८६६. ज्यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली त्यांची ही गत, तर आपल्या वाडवडिलांचं काय?

कोकणातल्या मुस्लिम घरांचा इतिहास पुस्तकात कमी, कपाटातल्या अल्बममध्ये जास्त सापडतो. ईदच्या नमाजनंतरची गळाभेट, मिलादचा जुलूस, शाळेची १५ ऑगस्टची प्रभातफेरी, हजला निघालेल्या दादाजानच्या गळ्यातले हार. मुंबईहून सुटणारी हजची जहाजं १९९५ साली बंद झाली. धक्क्यावरचा तो निरोप आता फोटोतच बघायला मिळतो.

फोटोंच्या जोडीला व्हिडिओ कॅसेट आल्या. सत्तरच्या दशकापासून आपली माणसं आखातात गेली. सुट्टी मिळाली नाही म्हणून कित्येक बापांनी लेकीचा निकाह कॅसेटवरच पाहिला. आज त्या कॅसेट माळ्यावर पडून आहेत आणि त्या लावायला मशीन नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं.

आपल्याकडे खरा दुश्मन दमट हवा. पावसाळ्यात फोटोवर बुरशी धरते, चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो कायमचा चिकटतो. जुने रंगीत फोटो त्याआधीच्या ब्लॅक अँड व्हाईट फोटोंपेक्षा लवकर विटतात. म्हणून एवढं करा:

• चिकटलेला फोटो ओढून काढू नका. आधी तो पानासकट मोबाईलने टिपा. फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर काचेवरूनच कॉपी घ्या.

• स्कॅन करताना ६०० डीपीआय सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला की फोटोतला बारकावा जातो.

• बुरशी लागलेली कॅसेट मशीनमध्ये घालू नका. टेप तुटेल आणि मशीनही खराब होईल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. जुन्या फिल्मच्या रिळाला सिरक्यासारखा वास येत असेल तर ती खराब होत चालली आहे, थांबू नका.

• तीन कॉपी ठेवा: एक घरात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेर. कुवेतला किंवा मुंबईला असलेला भाऊ इथे कामी येईल.

पण स्कॅन झालं म्हणजे काम संपलं असं नाही. नाव आणि साल नसलेला फोटो दोन पिढ्यांनी परक्याचा होतो.

साल शोधायला आपल्याकडे एक सोपी युक्ती आहे. हिजरी साल इंग्रजी सालापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांनी त्याच मोसमात परत येते. १९७८ ते १९८६ या काळात रमजान ईद जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे पावसाळ्यात आली. १९९८ साली ती जानेवारीच्या शेवटी होती. तेव्हा रमजान ईदच्या जुन्या रंगीत फोटोत लोकांच्या हातात छत्र्या आणि पायाखाली चिखल असेल, तर तो बहुधा ऐंशीच्या आसपासचा. घरातला कोण तेव्हा किती वर्षांचा होता, हे जुळवलं की साल आणखी जवळ येतं.

नावं मात्र बुजुर्गच सांगतील. दादी, नाना, फुफी यांच्याजवळ अल्बम घेऊन बसा. नुसतं "हा कोण?" विचारू नका. "हा जुलूस कुठून निघायचा? पुढे कोण असायचं? शरबत कुणाच्या घरून यायचं?" असं विचारा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. ऐकलेली नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

एक गोष्ट जपा. काही बुजुर्गांना फोटो पसंत नसतात, आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये घरच्या बायकांची चित्रं असतात. त्यामुळे दोन फोल्डर करा: एक फक्त घरचा, दुसरा जुलूस, शाळा, मदरसा, जमातचे कार्यक्रम यांचा. दुसरा फोल्डरसुद्धा संबंधित घरांना विचारूनच जमातकडे द्या.

अल्बम कपाटात आणखी काही वर्षं टिकेलही. पण त्यातले चेहरे ओळखणारी दादी पुढच्या ईदला असेलच, हे कुणाच्या हातात आहे? अल्लाह त्यांना लांब आयुष्य देवो. या जुम्याला नमाज झाली की अल्बम खाली काढा आणि त्यांच्या शेजारी बसा.