वाशीमचा तुरुंगवास अकोल्याच्या दप्तरात

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. पण इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात वाशीम, मंगरूळ आणि पुसद या तीन तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा आधीच होता. इंग्रज त्याला ‘बासीम’ म्हणत. 1905 मध्ये तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद आजच्या यवतमाळ जिल्ह्यात गेले. पुढची 93 वर्षे वाशीमचा जिल्हा तुरुंग म्हणजे अकोल्याचा तुरुंग. आणि स्वातंत्र्यलढ्याची सगळी धामधूम नेमकी याच काळातली!

1923 मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात विनोबांना शिक्षा झाली आणि काही दिवसांनी त्यांना अकोल्याच्या तुरुंगात हलवले. 1930 ची कायदेभंगाची चळवळ तर वऱ्हाडाने आपल्या परीने उभी केली. मिठाचा कायदा मोडायला इथे समुद्र नाही, म्हणून दहीहंडा गावच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढले. पण खेड्यापाड्यांतल्या माणसाला खरा जाच होता तो जंगलखात्याचा. गुरे चारायची, गवत कापायचे, सरपण आणायचे, तर कायदा आडवा. लोकनायक बापूजी अण्यांनी हे ओळखले आणि 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. पुसद म्हणजे जुन्या बासीमचाच तालुका. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनी यवतमाळजवळ सत्याग्रह केला आणि अकोल्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली.

मोठ्यांची नावे चरित्रांतून टिकली. मला ओढ आहे ती विळा घेऊन रानात शिरलेल्या साध्या शेतकऱ्यांची. ते तुरुंगात असताना घरची पेरणी, निंदण कुणी सांभाळले, हे त्यांच्या गावांना माहीत हवे.

त्यांचा शोध घेणाऱ्याने जुन्या इंग्रजी कागदांत तुरुंग दोन ठिकाणी पाहावा. ‘जे’ने सुरू होणारा आजचा शब्द तेव्हा पुष्कळदा जी-ए-ओ-एल असा लिहीत, उच्चार मात्र ‘जेल’च. त्यामुळे सूचीत तो ‘जे’खेरीज ‘जी’खालीही सापडतो. 1905 च्या आधीचे वाशीम ‘बी’खाली, बासीम म्हणून. त्यानंतरच्या कैद्यांसाठी अकोला उघडावे, आणि पुसदकडच्या गावांसाठी यवतमाळही.